लेन्सवरचा हात

मागच्या हिवाळी अधिवेशनात एका दुपारी दीडच्या सुमारास फोन वाजला. आमच्या दैनिकातली सगळ्यात नवी फोटोग्राफर बोलत होती. मागे घोषणा, शिट्ट्या, भोंग्यावर कुणाचं तरी भाषण. "दादा, इथं एक साहेब फोटो डिलीट कर म्हणून राहिले. नाही केला तर कॅमेरा जमा करतो म्हणतात. काय करू?"

मी धंतोलीत एका दवाखान्यात गुडघे दाखवायला बसलो होतो. बाहेर पॅसेजमध्ये आलो आणि तिला घाईघाईत एवढंच सांगितलं की आवाज चढवू नको, पण डिलीटही करू नको. छातीवरची नावाची पट्टी वाच, त्यांना आडनावानं 'साहेब' म्हण, आणि सांग की फोटोत काही गैर असेल तर रीतसर जप्त करा, पंचनामा करा, मला पावती द्या. ती "बरं" म्हणाली आणि फोन कटला. परत लावला तर लागेना. मोर्चाच्या वेळी तिथलं नेटवर्क असंच जातं.

नंबर आला तेव्हा डॉक्टर काय बोलले ते मला आजही आठवत नाही. मी मनानं मोर्चा अडवतात त्या टी-पॉइंटवर उभा होतो.

नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. 1953 च्या नागपूर करारात विदर्भानं महाराष्ट्रात यायचं ठरलं, तेव्हा राज्य सरकारनं दरवर्षी काही काळ नागपुरात येऊन बसावं असं ठरलं. त्यामुळे हिवाळ्यात विधानभवन सिव्हिल लाइन्समध्ये भरतं आणि राज्यभरातली गाऱ्हाणी त्याच्या मागे इथं येतात. मोर्चे बहुतेक यशवंत स्टेडियमवरून निघतात आणि विधानभवनापर्यंत पोहोचायच्या आत अडवले जातात. कुणी टेकडी रोडवर, कुणी मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर. तिथं बॅरिकेड, त्यामागे दोर धरलेले पोलीस, त्यामागे गाड्या. बॅरिकेड आणि दोर यांच्यामध्ये जी हातभर जागा उरते, ती आमची. अठ्ठावीस वर्षांतले माझे बरेच डिसेंबर त्या हातभर जागेत गेले.

याच परिसरात 23 नोव्हेंबर 1994 रोजी गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली आणि 114 माणसं गेली. त्यात बायका आणि लेकरं जास्त. मी तेव्हा कॉलेजात होतो, हातात कॅमेरा नव्हता. झिरो माइलजवळचं त्यांचं स्मारक मात्र कामावर जाता-येता रोज दिसतं. मी या धंद्यात आलो तेव्हा आमच्या चीफ फोटोग्राफरनी पहिल्याच अधिवेशनात सांगितलं होतं, "मंत्री निवेदन घ्यायला येईल, त्याचा फोटो सगळ्यांजवळ असन. तू गर्दीच्या पहिल्या रांगेवर नजर ठेव. मागून दाब आला का पहिले त्यांच्या चेहऱ्यावर दिसते." ते तसंच दिसतं. आधी माणसं घोषणा द्यायची थांबतात. मग हात वर यायच्या ऐवजी छातीशी येतात. हे बंदोबस्तावरच्या शिपायालाही दिसतं, कारण तोही त्याच रांगेकडे तोंड करून उभा असतो. त्या घटकेला शहरात आम्ही दोघंच असे असतो की ज्यांचं काम फक्त बघत राहणं आहे.

आणि नेमका त्याच घटकेला लेन्सवर हात येतो.

तो हात कसा असतो हे सांगायला हवं. मारायला आलेला नसतो. तळवा उघडा, बोटं पसरलेली, काचेपासून दोन इंचांवर. कधी तो बॅरलवर टेकतो आणि लेन्स खाली दाबतो. चित्रात बोटांचा एक तपकिरी पडदा उरतो. माझ्याजवळ अशा फ्रेम्सचा एक वेगळा फोल्डर आहे. छापण्यासारखं त्यात काही नाही, पण मी त्यातली एकही पुसली नाही. न पुसण्याचं कारण पुढे सांगतो.

डिजिटल कॅमेरा हाती येऊन दुसरंच वर्ष होतं. मानधन वाढवून मागणाऱ्या बायांचा मोर्चा टी-पॉइंटवर अडवला होता. दुपारी मागून लोंढा आला, एक बॅरिकेड कलंडलं आणि पन्नाशीतली एक बाई पडून तिचा पाय पाइपखाली अडकला. समोरच्या एका शिपायानं लाठी बाजूला टाकली, खाली वाकून पाइपखाली खांदा घातला आणि ते सगळं धूड एकट्यानं उचलून धरलं. मी गुडघ्यावर बसलो होतो, त्यांच्यापासून चार हातांच्या अंतरावर. तीन फ्रेम्स मिळाल्या. दुसरी सगळ्यात चांगली होती. त्याची ताणलेली मान, तिचा वर वळलेला चेहरा, आणि तिनं त्याची बाही पकडलेली.

मागे वळून मी स्क्रीनवर बघत होतो. तेव्हाचे स्क्रीन दीड-दोन इंचांचे, उन्हात काही धड दिसायचं नाही. खांद्यावरून एका अधिकाऱ्यानं डोकावलं. त्याला दिसलं ते असं की एक बाई खाली पडली आहे आणि तिच्यावर पोलीस वाकला आहे. "हे काढा. आत्ताच्या आत्ता. माझ्यासमोर."

मी सांगायला तोंड उघडलं की साहेब, तो तिला उचलतोय. त्यांनी माझ्या गळ्यातल्या पासला हात घातला. तो पास गेला असता तर उरलेलं अधिवेशन मी दोराच्या बाहेर असतो. थोड्याच वेळात शिष्टमंडळ बाहेर यायचं होतं आणि डेस्कला तो फोटो हवा होता. मी हिशेब केला. तीन फ्रेम्स जातील, दिवस वाचेल. आणि तिन्ही पुसल्या. त्यांनी "धन्यवाद" म्हटलं आणि ते पुढे गेले. त्यांना वाईट वागायचं नव्हतं, आपल्या माणसांची बदनामी होईल एवढीच भीती होती.

दुसऱ्या दिवशी एका वेगळ्या दैनिकात पलीकडच्या बाजूनं घेतलेला फोटो आला. त्यात खाली बाई होती, तिच्या चेहऱ्याशेजारी पोलिसाचा बूट होता, आणि खांद्यावरचं बॅरिकेड चौकटीबाहेर होतं. ज्यानं तो काढला त्याला मी दोष देत नाही. त्याला त्याच्या जागेवरून तेवढंच दिसत होतं. पण त्या फोटोवरून सभागृहात गोंधळ झाला आणि शिपायाची चौकशी लागली.

मार्चमध्ये तो आमच्या कार्यालयात आला. वाशिमकडचा पोरगा, सव्वीस-सत्तावीसचा, साध्या कपड्यात, हातात कागदांची प्लास्टिकची पिशवी. रिसेप्शनवर त्यानं माझं नाव विचारलं नाही, कारण ते त्याला ठाऊकच नव्हतं. "लाल जॅकेटवाले फोटोग्राफर" असं विचारलं. मला बघून उभा राहिला. "भाऊ, तुम्ही माह्यासमोरच बसून होते. मी त्या बाईले उचलून राह्यलो तो फोटो तुमच्यापाशी असन ना?"

मी त्याला खरं सांगितलं.

तो थोडा वेळ खुर्चीवर बसला. पाणी प्याला. मग म्हणाला, "साहेबानं सांगतलं असन तं तुम्ही तरी काय करान." आणि पिशवी उचलून गेला. मला कुणी शिव्या दिल्या असत्या तर एक वेळ सोसल्या असत्या. हे वाक्य मला अजूनही सोसत नाही. त्याची एक वेतनवाढ रोखली गेली, हे पुढे दुसऱ्या एका पोलीस मित्राकडून कळलं.

त्या संध्याकाळी मी ते कार्ड संगणकाला लावलं. कॅमेऱ्यात डिलीट केलं म्हणजे फोटो लगेच नाहीसा होत नाही. कार्डावरची त्याची नोंद जाते आणि ती जागा मोकळी धरली जाते. वर दुसरं काही लिहिलं गेलं नाही तोवर सॉफ्टवेअरनं फोटो परत काढता येतो. त्या दिवशीच कार्ड बाजूला काढून ठेवलं असतं तर तिन्ही फ्रेम्स मिळाल्या असत्या. मला तेव्हा हे माहीत नव्हतं. त्याच कार्डावर मी ते अधिवेशन आणि नंतरचे तीन महिने फोटो काढत राहिलो होतो. तेव्हापासून प्रत्येक नव्या मुलाला मी पहिल्या दिवशी हेच शिकवतो. दबाव आला की ते कार्ड थांबव, खिशात टाक, दुसरं लाव. एक्स्पोजर नंतर शिकवतो.

पण म्हणून वर्दीवाल्यांची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. कॅमेऱ्याला घाबरायला त्यांच्याकडे कारणं आहेत. 9 सप्टेंबर 2001 रोजी अफगाणिस्तानात अहमदशाह मसूद यांना मारणारे दोघं पत्रकार बनून, मुलाखतीच्या निमित्तानं आले होते. स्फोटकं चित्रीकरणाच्या सामानात लपवलेली होती. म्हणून एखाद्या मोठ्या दौऱ्याच्या वेळी आमच्या बॅगा ओळीनं जमिनीवर मांडायला लावतात, बॉम्ब शोधणाऱ्या पथकाचं, बीडीडीएसचं, कुत्रं त्या हुंगत जातं, आणि अधिकारी समोर उभा राहून सांगतो, "एक क्लिक करून दाखवा." कॅमेरा खरोखर कॅमेराच आहे ना, याची ती परीक्षा. मला त्याचा कधी राग आला नाही. मी त्यांचाच एक फोटो काढतो आणि दाखवतो. पुष्कळदा ते हसतात.

11 डिसेंबर 2022 ला पंतप्रधान नागपुरात आले तेव्हा एकाच दिवशी रेल्वे स्थानकावर वंदे भारत, मग मेट्रो, समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा आणि एम्स, असे कार्यक्रम होते. अशा दिवशी एक फोटोग्राफर सगळीकडे जाऊच शकत नाही. ज्या चौकटीत तास-दोन तास आधी नेऊन बसवलं, तिथंच राहायचं. पाण्याची बाटली नाही, लायटर नाही. व्यासपीठ आणि पहिली रांग यांच्यामधली मोकळी जागा, जिला सगळे 'डी' म्हणतात, तिच्यात पाऊल टाकायचं नाही. इथला नियम कडक असतो, पण तो आधी सांगितलेला असतो, सगळ्यांना सारखा असतो आणि मध्येच बदलत नाही. पंतप्रधानांची सुरक्षा बघणाऱ्या एसपीजीच्या माणसांशी माझा वाद झाल्याचं आठवत नाही. वाद होतो तो जिथं नियम त्या क्षणी, एका माणसाच्या घाबरलेल्या मनात तयार होतो तिथं.

आणि दुसरी बाजू 1991 ची. 21 मे रोजी श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या झाली, तेव्हा हरिबाबू नावाचा फोटोग्राफर स्फोटात मेला. कट करणाऱ्यांनीच त्याला फोटो काढायला नेलं होतं. तो गेला, कॅमेरा मात्र शाबूत सापडला. त्यातल्या 10 फ्रेम्सपैकी काहींत हार घेऊन उभी असलेली ती मारेकरी बाई होती, आणि तपास तिथून पुढे सरकला. तो रोल कुणी भीतीपोटी ओढून उन्हात धरला असता तर काय झालं असतं, हा विचार मी पोलीस मित्रांसमोर नेहमी मांडतो. ते गप्प होतात, कारण त्यांना माझ्यापेक्षा जास्त समजतं.

कायद्याबद्दल नव्या मुलांच्या मनात फार गोंधळ असतो, म्हणून मला ठाऊक आहे तेवढं मांडतो. रस्त्यावर चाललेल्या मोर्चाचा फोटो काढायला मनाई नाही. फोटो गुन्ह्याचा पुरावा वाटत असेल तर पोलीस तो जप्त करू शकतात, पण पंचनामा करून. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तर झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करायलाच सांगितलं आहे. पुरावा असेल तर तो सांभाळायचा असतो, आणि नसेल तर पोलिसांचा त्याच्याशी संबंध नाही. पुसून टाका म्हणण्याला यात कुठेच जागा नाही. पोलीस ठाण्यात मोबाइलवर चित्रीकरण केलं म्हणून वर्ध्यात एकावर शासकीय गुपिते कायद्याखाली गुन्हा नोंदवला होता. आपल्याच नागपूर खंडपीठानं 2022 मध्ये तो रद्द केला आणि पोलीस ठाणं हे त्या 1923 च्या कायद्यातलं 'प्रतिबंधित ठिकाण' नाही असं स्पष्ट सांगितलं. हा निकाल प्रत्येकानं फोनमध्ये ठेवावा. मात्र तोच कायदा आयुध निर्माणीला, वायुसेनानगरला लागू आहे, आणि तिथं मी कॅमेरा बॅगेतून काढत नाही. सीताबर्डीचा किल्ला सैन्याच्या ताब्यात आहे, 26 जानेवारी, 15 ऑगस्ट अशा दिवशी लोकांसाठी उघडतो. त्या दिवशी आत जाऊन मनसोक्त फोटो काढावेत. एरवी भिंतीवरचा जवान 'नको' म्हणाला की नको.

पत्रकारांवरचा हल्ला रोखणारा राज्याचा 2017 चा कायदाही आहे. 3 वर्षांपर्यंत कैद, 50 हजारांपर्यंत दंड. मोठ्या प्रसंगी तो हवाच. पण लेन्सवर आलेल्या तळव्यावर त्याचा उपाय चालत नाही असं माझं मत आहे. त्या तळव्याशी तिथंच, तेवढ्याच वेळात बोलावं लागतं.

बोलायचं कुणाशी, हेही समजून घ्यायला हवं. अधिवेशनाच्या बंदोबस्ताला पोलीस राज्यभरातून येतात. नंदुरबारचा, सिंधुदुर्गाचा, सोलापूरचा. शाळांत नाहीतर मंगल कार्यालयांत झोपायची सोय, पहाटे पॉइंटवर हजर, रात्री कधी सुटका होईल याचा पत्ता नाही. कोकणातल्या पोरांना इथली थंडी झेपत नाही. पहाटे टेकडी रोडवर ते कागदं जाळून हात शेकत असतात. त्यांना मी कोण ते ठाऊक नसतं, व्हरायटी चौक कुठला तेही ठाऊक नसतं. वरून हुकूम आलेला असतो, 'इथून कुणाला सोडू नका', आणि हुकमासोबत कारण आलेलं नसतं. माझ्या गळ्यातलं अधिस्वीकृतीपत्र त्याच्या दृष्टीनं एक प्लास्टिकचा तुकडा आहे. म्हणून मी अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी फोटो काढायच्या आधी तासभर नुसता फिरतो. प्रत्येक पॉइंटवर थांबतो, कुठून आलात विचारतो, केपी ग्राउंडवर, म्हणजे कस्तुरचंद पार्कवर, तर्री पोहे कुठे चांगले मिळतात ते सांगतो, माझी उभं राहायची जागा दाखवून ठेवतो. आमच्यातले काही याला मिंधेपणा म्हणतात. मला तसं वाटत नाही. दुपारी दाब आला की या माणसाला अर्ध्या सेकंदात ठरवायचं असतं की समोर गुडघ्यावर बसलेला कोण आहे. सकाळी त्याला माझा चेहरा दिसलेला असेल तर हात लेन्सवर येत नाही.

दीक्षाभूमीवर अशोक विजयादशमीला लाखो लोक येतात. तिथं पोलिसांच्या बरोबरीनं समता सैनिक दलाची पोरं-पोरी दोर धरून उभी असतात. "जय भीम दादा, इकडून नाही, तिकडून जा, आजीले जागा द्या." त्यांच्या आवाजात जरब असते, पण त्यांना समोरची प्रत्येक आजी आपली वाटत असते. इतक्या वर्षांत तिथं माझ्या लेन्सवर एकदाही हात आला नाही. फोटो काढू नका म्हणण्याऐवजी तिथली एक मुलगी मला म्हणाली होती, "आमच्या मायचा काढा ना, ती पहिल्यांदा आली."

30 जुलै 2015 ची पहाट वेगळी होती. याकूब मेमनची फाशी होती आणि आम्ही मध्यवर्ती कारागृहाबाहेर उभे होतो. दिल्लीत सर्वोच्च न्यायालय पहाटेपर्यंत बसलं होतं. भिंतीपलीकडचं काहीच दिसत नव्हतं, फोटो काढण्यासारखंही काही नव्हतं. बंदोबस्तावरचा एक हवालदार दर दहा मिनिटांनी माझ्याजवळ येऊन विचारत होता, "काही समजलं का भाऊ?" आतली बातमी त्याच्यापर्यंतही येत नव्हती. उजाडेपर्यंत आम्ही एकाच दुभाजकावर बसून होतो.

तर त्या दिवशी दवाखान्यातून मी थेट टी-पॉइंटला गेलो. पोहोचलो तेव्हा मोर्चा पांगला होता, रस्त्यावर संत्र्यांची सालं आणि फाटलेले फलक. ती बॅरिकेडला टेकून उभी होती, कॅमेरा गळ्यात. डोळे लाल, पण रडलेली नव्हती.

"साहेबांना म्हटलं पंचनामा करा," ती म्हणाली. "त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग दुसऱ्या साहेबांकडं पाहिलं. मग म्हणाले, जा."

"कार्ड?"

तिनं बुटाच्या मोज्यातून काढून दिलं.

रात्री कार्यालयात आम्ही ते उघडलं. ज्या फोटोवरून एवढं झालं तो मी पूर्ण मोठा करून पाहिला. एक म्हातारी बॅरिकेडच्या दोन पाइपांमधून हात घालून पलीकडच्या पोलिसाकडे पाण्याची बाटली मागते आहे. पोलीस बाटलीचं झाकण उघडतो आहे. मागे ते साहेब, ओरडताना, तोंड उघडं. त्यांना बहुधा आपलं ते तोंड नको होतं.

डेस्कनं दुसराच फोटो लावला. मी याची एक प्रत माझ्या हार्ड डिस्कवर घेतली, तारीख घातली, आणि बॅरिकेडपाशी उभ्या त्या पोलिसाच्या नेमप्लेटवरचं नाव अक्षर अक्षर लावून फाइलच्या नोंदीत लिहून ठेवलं.